बैलाच्या पोटात उतरायचंय

होंगत्सुन हे चिनी गाव बैलाच्या आकाराचं आहे, ही बातमी आमच्या घरात आली ती नेमकी बेंदराच्या दिवशी. हिने बाजारातून मातीची बैलजोडी आणली होती, पूजा आटोपली होती, पुरणपोळ्या पोटात गेल्या होत्या आणि मी आडवा व्हायच्या बेतात होतो. तेवढ्यात हिने जोडीतला एक बैल उचलून माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला आणि एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने शिकवणी सुरू केली.

"हे डोकं, म्हणजे गावामागची टेकडी. ही शिंगं, म्हणजे दोन जुनी झाडं. चार पाय म्हणजे चार पूल. आणि आतलं आतडं म्हणजे पाण्याचे पाट, घराघरासमोरून वळत जाणारे. ते येतात इथे, जठरात. त्याला म्हणतात चंद्रतळं. तिथून पुढे हे पोट, म्हणजे दक्षिण सरोवर."

"बरं मग?" मी म्हणालो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की नवरा 'बरं मग' हे शब्द जपून वापरायला शिकतो. त्या दिवशी पुरणाने घात केला.

"मग काय? जायचं."

हे होंगत्सुन चीनच्या अन्हुई प्रांतात आहे, हुआंगशान पर्वताच्या पायथ्याशी. वांग आडनावाच्या कुळाने ते 1131 मध्ये वसवलं. आपल्याकडे तेव्हा यादवांची देवगिरीसुद्धा वसायची होती. चीनमध्ये 'त्सुन' म्हणजेच गाव, त्यामुळे 'होंगत्सुन गाव' म्हणणं हे 'पावबेकरीचा पाव' म्हणण्यासारखं आहे. पण मी म्हणणार, कारण मला आता तेवढंच चिनी येतं. शेजारच्या शीदी गावाबरोबर 2000 साली त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' हा सिनेमा आला. त्यातली माणसं पाण्यावरून तरंगत पळतात ना, ते पाणी याच चंद्रतळ्याचं. आमच्या हिला मात्र त्या उडणाऱ्या माणसांशी काही देणंघेणं नाही. तिला तळं कोणी खोदलं यात रस.

गावची हकिकत अशी. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वांग कुळातला कर्ता पुरुष सरकारी नोकरीनिमित्त दूर प्रांतात होता. त्याच्या बायकोने, हू चोंग तिचं नाव, वास्तुशास्त्राच्या जाणकारांना बोलावलं, पाट आखून घेतले आणि तळं खोदून घेतलं. पूर्ण गोल खोदायचं ठरत होतं, पण चंद्र पूर्ण झाला की क्षय सुरू होतो, म्हणून अर्धाच ठेवला. पोटाचं सरोवर त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, 1607 मध्ये झालं. पाटाच्या पाण्याचा जुना नियमही होता: सकाळी आठपर्यंत पिण्याचं पाणी भरायचं, धुणीभांडी त्यानंतर. सहाशे वर्षांपूर्वी आखलेले ते पाट अजून वाहताहेत.

"नवरा परगावी," ही म्हणाली, "आणि बाईने सगळं गाव मार्गी लावलं." हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलं. मी बैलाकडे बघितलं. आम्ही सोलापूरचे. नळाला पाणी आलं की लग्नमुहूर्त टळला तरी चालेल पण पिंप भरलं पाहिजे, अशा संस्कारात वाढलेल्या बाईला दारासमोरून वाहत्या पाण्याचं आकर्षण का वाटावं, हे मला सांगायची गरज नव्हती.

पहिल्यांदा आम्ही एका टूरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे चीन होता. आठ दिवसांचा होता, त्यात भिंत होती, बीजिंग होतं, शांघाय होतं आणि सोबत मराठी स्वयंपाकी होता. होंगत्सुन म्हटल्यावर त्याने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, हाँगकाँग म्हणताय का?" नाही म्हटल्यावर तो मनापासून म्हणाला, "गावच बघायचं तर चीनला कशाला जाता? आमच्या कुर्डूवाडीला या." तिथून निघालो आणि बेताची सूत्रं मेव्हण्याच्या हातात गेली.

आमचा मेव्हणा सुधीर बँकेत अधिकारी आहे. त्याला कुठलंही काम सांगा, तो आधी रकाने आखतो. दोन दिवसांत त्याने 'दाजी-ताई चीन' नावाची एक्सेल शीट पाठवली. तिच्यात सतरा रकाने होते आणि त्यातला शेवटचा 'दाजींची हरकत' हा होता. तो त्याने आधीच भरून ठेवला होता.

पहिला मुहूर्त निघाला ऑक्टोबरचा पहिला आठवडा. गांधी जयंतीची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार, हवा चांगली. हॉटेलांचे दर एवढे का चढलेत, हे कळेना. मग सुधीरच्या मुलीने, वय वर्षं चौदा, सहज सांगितलं की 1 ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, त्यानंतर आठवडाभर अख्ख्या देशाला सुट्टी, आणि त्या आठवड्यात अख्खा देश फिरायला निघतो. म्हणजे आषाढी एकादशीला पंढरपुरात जाऊन 'आज इथे काही आहे का?' असं विचारायचा आमचा बेत होता. पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्यांना तरी हे सुचायला हवं होतं. मेच्या सुरुवातीला पुन्हा तसंच, चिनी नववर्षाला तर विचारूच नका. वसंतात तिथे मोहरीच्या जातीची पिवळी फुलं शेतभर फुलतात, पण तेव्हा आमच्याकडे मार्चएंड, म्हणजे सुधीर उपलब्ध नाही. शेवटी दिवाळी उरकून नोव्हेंबर ठरला. तेव्हा होंगत्सुनजवळच्या ताछुआन गावातली झाडं लालभडक होतात. आणि घरात फराळ शिल्लक असतो. दोन्ही कारणं शीटमध्ये गेली. दुसरं ठळक अक्षरांत.

मग हॉटेल. हा सगळा मुलूख पूर्वी हुइझोऊ म्हणून ओळखला जायचा. मिठाचे, चहाचे, लाकडाचे मोठमोठे व्यापारी इथले. तेरा-चौदा वर्षांचं पोर झालं की त्याला बाहेरगावी धंदा शिकायला धाडायचे. पैसा गावी यायचा आणि पांढऱ्या भिंतींचे, काळ्या कौलांचे वाडे उभे राहायचे. तालुक्याचं नाव यी. ते लिहायचं चिनी अक्षर 'काळा' आणि 'पुष्कळ' ही दोन अक्षरं शेजारी ठेवून होतं. भिंती पांढऱ्याशुभ्र आणि नाव 'काळं पुष्कळ'. तर सुधीरने हुइझोऊ टाकून हॉटेल शोधलं, आणि फार स्वस्तात छान हॉटेल सापडलं. तलावाकाठी, नाश्त्यासह. पैसे भरले. नकाशा उघडून बघितला तर हॉटेलपासून समुद्र जवळ. हे दुसरंच हुइझोऊ निघालं, पार दक्षिणेला ग्वांगडोंग प्रांतातलं. आमच्या बैलापासून शेकडो किलोमीटर लांब. आपल्याकडे वडगाव म्हटल्यावर 'कुठलं वडगाव?' हा प्रश्न शेंबडं पोरही विचारतं. आम्ही तिघं पदवीधर, पण एकालाही तो सुचला नाही.

आणि आपल्याला हवं ते हुइझोऊ कुठे गेलं म्हणाल, तर 1987 मध्ये त्या मुलुखाचं नाव बदलून पर्वताच्या नावावरून हुआंगशान ठेवलं. त्यामुळे हुआंगशान हा पर्वत आहे, हुआंगशान हे शहर आहे, शहराच्या आत हुआंगशान नावाचा वेगळा भागही आहे, आणि रेल्वेचं स्टेशन विचाराल तर हुआंगशान, उत्तर हुआंगशान आणि पश्चिम हुआंगशान अशी तीन. या सगळ्यांतलं एकही होंगत्सुनमध्ये नाही. सुदैवाने 2024 मध्ये खुद्द यी तालुक्यात, 'यीशिएन पूर्व' नावाचं वेगवान गाडीचं स्टेशन झालं. सुधीरने ही माहिती दिली तेव्हा त्याचा आवाज दाटून आला होता. शांघायहून गाडी पकडायची ते स्टेशन होंगचाओ. मी आठवडाभर होंगचाओला होंगत्सुन आणि होंगत्सुनला होंगचाओ म्हणत होतो. म्हणजे निघायच्या ठिकाणीच पोचायचं, असा माझा बेत होता. तब्येतीला तोच मानवला असता.

व्हिसाचा अर्ज ही वेगळी यातना. फोटो 33 गुणिले 48 मिलिमीटर, पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही कान दिसले पाहिजेत. आमच्या चौकातल्या स्टुडिओत मी स्टुलावर बसलो. पोराने फोटो काढला, संगणकावर मोठा केला आणि बराच वेळ गप्प राहिला. माझे उरलेसुरले केस पांढरे, भिंत पांढरी. डोकं कुठे संपतं आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते, हे ठरवता येईना. "काका, थोडी कडा काढू का?" त्याने विचारलं. फोटोत फेरफार चालत नाही, असं नियमात होतं. शेवटी दिव्याची जागा बदलून त्याने सावलीने मला डोकं दिलं. हिचा फोटो एका दमात झाला.

अर्जात कुठे, कोणत्या तारखेला, कुणाच्या पत्त्यावर, हे सगळं लागतं. आईवडील, शिक्षण, नोकऱ्या लागतात. एक प्रश्न असाही होता की तुम्हाला शस्त्रं, स्फोटकं किंवा रासायनिक पदार्थांचं काही विशेष ज्ञान आहे का. मी 'नाही' वर खूण केली. सुधीर म्हणाला, "दाजी, ताई डब्यात शेंगाचटणी घेणारे. विचार करा." ज्यांनी सोलापुरी शेंगाचटणी नाकातून एकदा वर ओढली आहे, त्यांना त्याचा प्रामाणिकपणा कळेल.

या सगळ्या काळात माझी आई, वय चौऱ्याऐंशी, कोपऱ्यातल्या खुर्चीतून ऐकत होती. सोलापूरच्या माणसासाठी चीन म्हणजे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यात आमचे कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकर होते. चीनमध्ये कोटणीसांना 'के दिहुआ' म्हणून आजही ओळखतात. पुढे व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमाही काढला. लहानपणी शाळेत आम्हाला हे इतक्यांदा सांगितलं होतं की चीन हा सोलापूरच्या पुढचा तालुका आहे, असं मला पाचवीपर्यंत वाटायचं.

"कोटणीसांना विचारला होता का व्हिसा?" आई म्हणाली.

"आई, ते युद्धात जखमींना वाचवायला गेले होते. आम्ही तळं बघायला चाललोय."

"तेच म्हणते मी." मग थोडं थांबून, "आणि ते परत आले नाहीत, एवढं लक्षात ठेवा." कोटणीस 1942 मध्ये तिकडेच गेले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. आईचं म्हणणं इतिहासाला धरून होतं. त्यामुळे काय उत्तर द्यावं ते कळेना.

आईचा धीर पुन्हा खचला तो पोलिसांच्या उल्लेखाने. चीनमध्ये परदेशी माणूस हॉटेलात उतरला तर हॉटेलवाला त्याची नोंद करतो. पण एखाद्याच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत पोलिसांत नोंद व्हायला हवी. हिला अर्थातच जुन्या वाड्यातच राहायचंय. सुधीरने शीटमध्ये 'पहिला दिवस: पोलीस' असं लिहिलं. आईने ते वाचलं आणि देवापुढे दिवा लावला.

वाड्यांबद्दल आमच्या घरात जे बोलणं झालं, ते जसंच्या तसं सांगायला हवं. या वाड्यांच्या मधोमध उघडा चौक असतो. चारी बाजूंची कौलं आत उतरती, त्यामुळे पाऊस पडला की सगळं पाणी घरातच येतं. चारी दिशांची संपत्ती आपल्या दिवाणखान्यात यावी, असा त्यामागचा संकेत. मी हे फार कौतुकाने वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. "आपल्या स्वयंपाकघरातही येतं," ती म्हणाली, "ओट्याच्या वर. त्याला कोणी वारसा म्हणत नाही. तुम्ही त्या डांबरवाल्याला फोन केलात का?"

1855 मध्ये एका मीठ व्यापाऱ्याने बांधलेला चेंगझी वाडा तर आतून कोरीव कामाने नुसता भरलेला आहे. त्यात पत्ते-माहजोंग खेळायला वेगळी खोली आणि अफू ओढायला वेगळी. जुन्या समाजात व्यापाऱ्यांचा नंबर शेवटचा, अधिकारी वरचे. म्हणून वाड्यातल्या एका दाराची चौकट अशी घडवली की वरच्या नक्षीसकट बघितलं तर 'व्यापारी' हे अक्षर दिसावं. मोठा अधिकारी जरी आला तरी त्याला व्यापाऱ्याखालून जावं लागणार. बँकेतल्या सुधीरला हे फार आवडलं. दिवाणखान्याच्या टेबलावर मधे घड्याळ, एका बाजूला फुलदाणी, दुसऱ्या बाजूला आरसा. घड्याळाचा, फुलदाणीचा आणि आरशाचा उच्चार एकापाठोपाठ केला की 'जन्मभर शांतता' असा शब्द तयार होतो. आमच्या टीपॉयवर घड्याळ आहे, चष्म्याची डबी आहे आणि रक्तदाबाचं यंत्र आहे. त्याचा उच्चार अजून कुणी करून पाहिला नाही.

खाण्याची बाजू मी जाणूनबुजून शेवटी ठेवली होती. त्या भागातले दोन पदार्थ नावाजलेले. एक, बुरशी वाढवून तळलेलं टोफू. त्यावर पांढरी लव येते म्हणून त्याला केसाळ टोफू म्हणतात. दुसरा, मिठात मुरवून वास काढलेला मासा, आणि त्याचं नावच वासाळ मासा. मी रत्नागिरीला चार वर्षं नोकरी केली आहे, सुकट-बोंबलांशी माझं शत्रुत्व नाही. तो मासा मी खाणार. पण ही पूर्ण शाकाहारी. मंचुरियन तिने चीनचा मानला होता. तो मुंबईत जन्मला हे कळल्यावर तिने बराच वेळ मौन पाळलं. मग सुधीरच्या मुलीने तिला 'मी शाकाहारी आहे' याचं चिनी शिकवलं. 'वो छ सू'. त्यातला शेवटचा सू खाली उतरवायचा, तोही ठणकावून. ही सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटताना ठणकावायची, "वो छ सू! वो छ सू!" तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, लागलीय तर जाऊन ये की. पोळ्या कुठे पळतायत?"

दूध-दह्याचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणून पेढे गळले. उरली कडक भाकरी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ज्वारीची, पातळ, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकणारी. आमच्याकडे ती दह्यात किंवा आमटीत बुडवून खातात. एका जागी ठेवली तर खिडकीची काच म्हणून चालेल.

सगळ्यांत गमतीचं प्रकरण मोबाइलचं. चीनमध्ये सगळ्यांचं आयुष्य ज्या वीचॅटवर चालतं, ते भारतात 2020 पासून बंद. आपलं आयुष्य ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि गूगलवर चालतं, ते तिकडे बंद. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या अंगणात येणारं दार दोन्हीकडून कडी लावून ठेवलंय. 'सुप्रभात' पाठवायचं कसं, या काळजीने माझ्या चार मित्रांना झोप नाही. पैसेही तिकडे मोबाइलवरच देतात, हे सुधीरने फार मोठी गोष्ट म्हणून सांगितलं. आमच्या कोपऱ्यावरची कोथिंबीरवालीही क्यूआर दाखवते, त्यामुळे आम्ही कोणी दचकलो नाही. पण आपलं यूपीआय तिकडे चालत नाही हे ऐकून मी पुन्हा पाकीट शोधून काढलं. त्यात 2016 च्या जुन्या पाचशेच्या दोन नोटा निघाल्या.

मधल्या काळात मातीच्या बैलाचं एक शिंग तुटलं. नकाशा म्हणून तो टीपॉयवरच राहिला होता, आणि सुधीर त्याच्यावर स्टेशनची जागा दाखवायला गेला. हिने शिंग फेव्हिकॉलने चिकटवलं. जरा वाकडं बसलंय.

व्हिसा आला. डांबरवाला आला नाही. गाडीची तिकिटं पंधरा दिवस आधी उघडतात, पासपोर्टवर जसं नाव असेल तसंच भरायचं, आणि मग पासपोर्ट हेच तिकीट. आज सोळावा दिवस आहे. उद्या सकाळी सुधीर येणार, कॉम्प्युटरसमोर बसणार. आईने त्याच्यासाठी उपमा करायला सांगितला आहे.

वाचकांपैकी कुणी होंगत्सुनला जाऊन आलं असेल, तर कृपा करून एवढंच कळवा: तिथे भाकरी भिजवायला बिनसाखरेचं दही मिळतं का?